लक्ष्मी रस्त्याची स्थळपाहणी

कज्जांतील दोन्ही पक्षांचे साक्षीदार शपथेवर परस्परविरुद्ध बोलूं लागले, म्हणजे शहाणा न्यायाधीश कागद बाजूस ठेवितो आणि जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशांतील अठराव्या नियमानें तो अधिकार त्यास दिलेला आहे. पुण्यांतील लक्ष्मी रस्त्याविषयीं असाच विसंवाद वर्षानुवर्षें चालू आहे. व्यापारी म्हणतात, वाहनांस बंदी झाली तर आमचा धंदा बसेल. पायीं चालणारे म्हणतात, वाहनें आलीं तर आमचा जीव जाईल. पथारीवाले म्हणतात, आम्हांला उठविलें तर आमचें पोट जाईल. आणि महानगरपालिका सर्वांचें ऐकून घेऊन पुढील तारीख देते. प्रत्येकाच्या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. तेव्हां साक्षी पुरे झाल्या, आतां जागा पाहावी, असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें.

निमित्त घरचेंच मिळालें. आमच्या पुतणीचें लग्न ठरलें व बस्ता काढण्यासाठीं मंडळी निघाली. बरोबर आमची पत्नी, नवरी मुलगी आणि सासवडाहून मुद्दाम आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आमच्या मावशी. बस्त्याच्या कामीं पुरुषाचा उपयोग पिशव्या धरण्यापुरताच असल्यामुळें आम्हांस डोळे उघडे ठेवण्यास भरपूर सवड होती. त्या स्थळपाहणीचा पंचनामा आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

टिळक चौकांत, म्हणजे ज्यास लोक अलका टॉकीजचा चौक म्हणतात तेथें, आम्ही उतरलों. गणेशविसर्जनाची मिरवणूक बेलबाग चौकाकडून निघून ज्या टोकास येऊन नदीकडे वळते, तें हें टोक. आम्ही मिरवणुकीच्या उलट दिशेनें चालणार होतों. पाठीमागें लकडी पूल होता. पानिपतच्या वर्षीं, १७६१ सालीं, तेथें पहिला लांकडी पूल झाला; पूल दगडी झाला तरी नांव लांकडाचेंच राहिलें. याच पुलाच्या बाजूस ऑक्टोबर १९०५ मध्यें परदेशी कापडाची होळी पेटली. विनायक दामोदर सावरकर तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांत शिकत होते. त्या होळीपायीं त्यांना दहा रुपये दंड झाला व वसतिगृह सोडावें लागलें. लोकमान्य टिळक त्या प्रसंगीं हजर होते. त्याच्याहि आधीं, १८७७ च्या दिल्ली दरबारांत, सार्वजनिक काका जोशी हातानें काढलेल्या सुताचा पोशाख घालून गेले होते. पुण्यानें कापडाला राजकारण शिकविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. दुकानांत शिरतांना खिशांत पैसे असोत वा नसोत, मनांत एक प्रश्न असावा, ही संवय या शहरानें लोकांस लाविली. त्या वेळीं प्रश्न होता, “हें कापड कोठलें?” आजचा प्रश्न कोणता, तें आम्हांस त्या दिवशीं सायंकाळपर्यंत कळावयाचें होतें.

रस्त्याच्या नांवाचीहि गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. लक्ष्मी म्हणजे द्रव्य, द्रव्याची उलाढाल होते म्हणून लक्ष्मी रस्ता, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. लक्ष्मीबाई दगडूशेठ हलवाई या बाईंचें नांव या रस्त्यास दिलेलें आहे. ज्या शहरांत रस्ते बहुधा बाजीरावांचे, शिवाजी महाराजांचे, टिळकांचे, केळकरांचे, त्या शहराच्या मुख्य बाजाराचा रस्ता एका गृहिणीच्या नांवानें ओळखला जातो, ही लहान गोष्ट नाहीं. पुढें आम्हीं जें पाहिलें तें या नांवाच्या प्रकाशांत वाचकांनीं पाहावें.

गरुड गणपतीच्या चौकापासून पुढें गर्दी घट्ट होत जाते. पदपथ आहे, पण त्यावर कोठें दुचाकीची रांग, कोठें दुकानाच्या पायऱ्या, कोठें कपडे घातलेले पुतळे, कोठें विजेची पेटी. माणूस चालतो तो पदपथ आणि रस्ता यांच्या मधल्या हातभर पट्टींतून. मावशींचा एक हात आमच्या पत्नीच्या हातांत व दुसरा हात मोटारीच्या आरशास लागूं नये म्हणून छातीशीं, अशी आमची वाटचाल चालली. पदपथ हा दुकानदाराच्या ओट्याचा वाढीव भाग नव्हे व वाहनतळहि नव्हे, ही गोष्ट सांगण्यास वास्तविक वकील लागूं नये. तथापि, मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती स्पष्ट शब्दांत सांगितली आहे: अडथळ्याविना चालतां येईल असा पदपथ मिळणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जगण्याच्या हक्काचाच भाग होय, आणि तो पदपथ अपंगांसहि वापरतां आला पाहिजे.

पुणें महानगरपालिकेनें २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून साजरा करण्यास आरंभ केला व त्या दिवशीं लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांस बंद ठेविला. त्या उपक्रमाचें आम्ही मनापासून अभिनंदन करितों. परंतु वर्षांतून एक दिवस पादचाऱ्याचा, याचा अर्थ उरलेले ३६४ दिवस कोणाचे? बैलपोळ्यास बैलाची पूजा करून दुसऱ्या दिवशीं त्यास पुन्हां जुंपण्यांतलाच हा प्रकार होऊं नये.

थोडें पुढें गेल्यावर हुजूरपागा लागते. पेशव्यांच्या खास घोड्यांची जेथें पागा होती, तेथें न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृति मंडळींच्या खटपटीनें १८८४ सालीं मुलींचें हायस्कूल निघालें. आम्ही राष्ट्रीय पक्षाच्या परंपरेंत वाढलों, ती परंपरा आम्हांस प्रिय आहे. म्हणूनच येथें एक कबुली देणें आमचें कर्तव्य आहे. राजकारणांत ज्यांना आम्ही गुरुस्थानीं मानतों, त्यांच्याच पत्रानें त्या काळीं या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडाडून टीका केली होती. मुलींस मुलांसारखें शिक्षण कशाला, असा त्या टीकेचा रोख होता. काळानें निकाल दिला. टीका दप्तरांत गेली व शाळा रस्त्यावर उभी आहे. देशाचें स्वातंत्र्य आणि स्त्रीचें स्वातंत्र्य हे दोन निरनिराळे दावे नसून एकाच दाव्याचे दोन मुद्दे होते, हें त्या वेळच्या रानडेपंथी मंडळींस आमच्या गुरुजनांहून आधीं समजलें, असें म्हणण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

आतां मुख्य बाजार. कुंटे चौक आणि त्याच्या आजूबाजूस कापडाचीं व सोन्याचीं दुकानें खांद्यास खांदा लावून उभीं आहेत. आम्ही प्रथम लुगड्यांच्या एका जुन्या दुकानांत गेलों. तेथें अजून बैठक आहे. पांढरी स्वच्छ गादी, मागें तक्के, जोडे बाहेर. विकणारा बसलेला, घेणारा बसलेला आणि मध्यें पैठणीचा पदर उलगडलेला. मावशी बसल्या, पाय सैल सोडले, पाणी आलें, आणि मग भाव सुरू झाला. या बैठकींत एक न्याय आहे. जो माल दाखवितो व जो पाहतो, ते एका पातळीवर बसतात. घासाघीस कितीहि झाली तरी ती बरोबरीच्या माणसांची असते.

तेथून शालू ठरवून तयार कपड्यांच्या एका मोठ्या, नव्या तऱ्हेच्या दुकानांत गेलों. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष एका दुकानाचा नसून पद्धतीचा आहे. चार मजले, थंड हवा, झगझगीत दिवे. प्रत्येक मजल्यावर एकसारख्या पोशाखांतील मुली ओळीनें उभ्या. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आम्हांस कपडे दाखवूं लागली. हंसतमुख, हुशार, हिशेबांत पक्की. तासाभरानें मावशी थकल्या. त्यांनीं आजूबाजूस पाहिलें व विचारलें, “पोरी, अगं टेकायला कांहीं आहे का इथं?”

मुलीनें इकडेतिकडे पाहून कपड्यांचा एक खोका पुढें ओढला व वर घडी केलेली चादर घातली. “यावर बसा आजी. खुर्च्या खालच्या मजल्यावर आहेत, पण तेवढं तुम्हांला उतरायला नको.”

“आणि तूं?”

“मला संवय आहे.”

“किती वेळ उभी असतेस?”

“साडेदहाला येतें. दुकान बंद व्हायला साडेनऊ होतात. मध्ये जेवणाला अर्धा तास.”

“गिऱ्हाईक नसेल तेव्हां तरी बसत असशील?”

मुलगी आवाज खालीं करून म्हणाली, “वर क्यामेरा आहे ना आजी.”

मावशी पुढें कांहीं बोलल्या नाहींत. मात्र दुकानांतून उतरतांना, कोर्टांतल्या एकाद्या मुरब्बी साक्षीदारासारख्या, एका वाक्यांत सारें सांगून गेल्या. “आमच्या वेळीं शेतांत खुरपायला दिवसभर बायका असत, पण बांधावर भाकरीला बसूं नको असं कुणी म्हणत नसे.”

यानंतर एका सराफी पेढींत गेलों. तेथें गिऱ्हाइकास गुबगुबीत खुर्ची आहे, चहा आहे. आणि कांचेच्या पलीकडे मंगळसूत्र दाखविणारी मात्र उभी. एकदां डोळा उघडला म्हणजे जिकडे तिकडे तेंच दिसूं लागतें. त्या दिवशीं आम्हीं सात दुकानें पाहिलीं. बसलेल्या विक्रेत्या स्त्रिया किती दिसल्या म्हणाल, तर एकहि नाहीं.

दिवसाचे दहा-अकरा तास आणि आठवड्याचे सहा दिवस उभें राहणें ही केवळ गैरसोय नव्हे. पायांच्या शिरा फुगतात, टाचा व कंबर धरते, पाय सुजतात. गरोदर स्त्रीस तर त्याचा त्रास अधिकच होतो. हें सांगावयास मोठा वैद्य नको, ज्याच्या घरांत अशी एकादी मुलगी रात्रीं दहा वाजतां परत येऊन गरम पाण्यांत पाय सोडून बसते, त्यास विचारावें.

कायद्याची स्थिति काय? ज्या इंग्रजांच्या दुकानांकडून आपण गादी मोडून उंच फळी घेतली, त्यांनीं स्वतःच्या देशांत १८९९ सालींच कायदा करून ठेविला, कीं दुकानांत दर तीन स्त्री-नोकरांमागें एक आसन असलेंच पाहिजे. त्यांची फळी आम्हीं उचलली, पण तिच्यामागचें स्टूल तेवढें तिकडेच राहूं दिलें! आपल्याकडेहि विधिमंडळें अगदींच झोंपलेलीं नव्हतीं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ४४ व्या कलमांत, ज्यांना उभ्यानें काम करावें लागतें अशा कामगारांच्या बसण्याची सोय सांगितलेली होती. परंतु तें कलम कारखान्याचें, दुकानाचें नव्हे. केरळानें २०१८ मध्यें व तामिळनाडूनें २०२१ मध्यें आपापल्या दुकानांच्या कायद्यांत दुरुस्ती करून विक्रेत्यांस बसण्याचा हक्क दिला. संसदेनें २०२० सालीं केलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेंतहि उभ्यानें काम करणाऱ्यांसाठीं आसनाची तरतूद आहे.

केरळची दुरुस्ती आकाशांतून पडली नाहीं. कोझिकोड शहरांत मिठाई तेरुवु नांवाचा असाच एक जुना बाजाररस्ता आहे, जवळजवळ त्या शहराचा लक्ष्मी रस्ताच म्हणा ना. तेथें पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं दुकानांतील स्त्रियांस एकत्र केलें. त्यांची पहिली मागणी बसण्याचीहि नव्हती. ती होती शौचालयाची. दिवसभर जाण्यास जागा नाहीं म्हणून त्या बायका पाणी पीत नसत. त्या मागणींतून पुढें बसण्याच्या हक्काची चळवळ उभी राहिली व शेवटीं राज्याच्या कायद्याचें कलम बदललें. कोणी पुढारी, कोणी पक्ष, कोणी धनिक पुढें आला नाहीं. शिलाईयंत्र चालविणारी एक बाई पुढें आली.

ही हकीकत आम्हांस तेव्हांच प्रकर्षानें आठवली, कारण सराफी पेढींतून बाहेर पडतांच आमच्यापुढें तोच प्रश्न उभा राहिला. मावशींस जावयाचें होतें. तीन ठिकाणीं विचारलें. एका दुकानांत सांगितलें, “नोकरांपुरतं आहे.” दुसरीकडे कुलूप. तिसरीकडे हातानें दूरचा एक बोळ दाखविला. तेथें पोंचेपर्यंत पाऊण मैलाची बाजारपेठ मावशींना पाऊण योजन वाटली असेल. अखेर एका ओळखीच्या बिऱ्हाडाचा जिना चढून गेलों. ज्यांचें या पेठांत ओळखीचें बिऱ्हाड नाहीं, अशा खेड्यापाड्यांतून बस्त्यासाठीं येणाऱ्या हजारों बायका काय करीत असतील? त्या काय करितात हें प्रत्येक स्त्रीस ठाऊक आहे व प्रत्येक पुरुष तें न विचारण्याचा शिष्टाचार पाळतो. त्या घरून निघाल्यापासून पाणी पीत नाहींत.

नगरसंस्थांचें यावर ठरलेलें उत्तर असतें, कीं जागा नाहीं आणि पैसा नाहीं. पैसा नाहीं ही सबब १९८० सालींच निकालांत निघालेली आहे. रतलामच्या नगरपालिकेनें गटारें व सार्वजनिक शौचालयें बांधण्यास आपणापाशीं निधि नसल्याचें सांगितलें, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें, न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्या लेखणीनें, निर्णय दिला, कीं लोकांच्या आरोग्याचें प्राथमिक कर्तव्य नगरपालिकेस द्रव्याभावाच्या सबबीवर टाळतां येणार नाहीं. पुढें जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयांच्या आवारांतील शौचालयांच्या प्रकरणींहि ही सोय जगण्याच्या हक्काचा भाग मानली गेली. राहतां राहिली जागा. ज्या रस्त्यावर दुचाकी उभी करण्यास दर हातावर जागा निघते, तेथें बाईमाणसास दोन खोल्यांची जागा निघूं नये, हें आम्हांस पटत नाहीं.

उजव्या हातास सेवासदनाची इमारत पाहून आम्ही क्षणभर थांबलों. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें, तें याच हेतूनें, कीं बाईनें कांहीं शिकावें, दोन पैसे मिळवावे व दुसऱ्याच्या दयेवर जगूं नये. त्या ध्येयाची फळें आज याच रस्त्यावर दिसतात. दुकानांतून काम करणाऱ्या या शेंकडों मुली म्हणजे रमाबाईंच्या स्वप्नाची वाढ आहे. पण रमाबाईंनीं बाईस घराबाहेर आणलें तें दहा तास भिंतीसारखी उभी करण्यासाठीं खास नव्हे.

तेथून तुळशीबागेच्या गल्लींत शिरलों. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनीं १७६१ मध्यें आरंभिलेलें रामाचें देऊळ १७९५ सालीं पुरें झालें. देवाच्या आश्रयानें बाजार वसला, आणि आतां बाजाराच्या गर्दींत देऊळ शोधावें लागतें. कानांतलीं, बांगड्या, भातुकलीचीं भांडीं, पोळपाट, देवाचीं तबकें, जें म्हणाल तें. येथील पथारीवाल्या बायका मात्र बसलेल्या होत्या! मावशींनीं तें आमच्याहि आधीं हेरलें व एकीच्या शेजारीं, तिनें सरकून दिलेल्या गोणपाटावर, ऐसपैस बसून घेतलें. दोघींच्या गप्पा रंगल्या. ती बाई म्हणाली, “बसायला मिळतं आजी, पण अतिक्रमणाची गाडी आली कीं पहिल्यांदा आम्हीच उठतों.”

या एका वाक्यांत रस्त्याचा सारा कज्जा आहे. गिऱ्हाइकापाशीं पैसा आहे, पण त्यास टेकण्यास जागा नाहीं. दुकानांतील मुलीच्या डोक्यावर छप्पर आहे, पण तिला बसण्याची मोकळीक नाहीं. पथारीवालीस बसण्यास गोणपाट आहे, पण त्या गोणपाटाची शाश्वति नाहीं. तिघीहि बहुधा स्त्रिया, आणि रस्ता एका स्त्रीच्या नांवाचा!

पथारीवालीच्या बाबतींत तरी कायदा मुका नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं सोदनसिंग यांच्या प्रकरणांत, रस्त्यावर विक्री करणें हाहि व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भाग आहे, मात्र त्यावर वाजवी नियंत्रण घालतां येतें, असें ठरविलें. संसदेनें २०१४ मध्यें पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पाहणी पुरी होऊन विक्रीचें प्रमाणपत्र दिलें जाईपर्यंत कोणास उठवूं नये. शहराच्या पथविक्रेता समितींत चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेते असावे व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या, असें तो कायदा सांगतो. पादचाऱ्याचा हक्क आणि पथारीवालीचा हक्क यांचा झगडा आहे, असें भासविण्याची एक रीत पडली आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. मावशींस त्या दिवशीं वाट अडविली ती मोटारींनीं व दुचाकींनीं. बसावयास जागा दिली ती पथारीवालीनें. जागा आंखून द्यावी, प्रमाणपत्र द्यावें, आंखलेल्या रेषेबाहेर पथारी आली तर दंडहि करावा. पण नियमाच्या जागीं लहर नसावी.

आतां व्यापारीवर्गाचीहि बाजू ऐकली पाहिजे. एका परिचित दुकानदारांस आम्हीं हा विषय काढून विचारलें. ते सज्जन आहेत, तीन पिढ्यांची पेढी चालवितात. ते म्हणाले, “वकीलसाहेब, घरबसल्या मोबाईलवर कापड मागविणारं गिऱ्हाईक आम्हांला खाऊन टाकीत आहे. त्यांत आलेल्या गिऱ्हाइकापुढें नोकर बसलेला दिसला, तर तें म्हणेल, इथें कोणाला विकायचंच नाहीं.” त्यांची अडचण खोटी नाहीं. भाडीं वाढलीं, माणसें उपनगरांत राहावयास गेलीं, मोठालीं विक्रीगृहें निघालीं. परंतु याच कारणानें आमचें म्हणणें अधिक बळकट होतें. मोबाईलवर भाव कमी मिळेल, पण मावशीस खोका ओढून देणारी मुलगी मिळणार नाहीं. लक्ष्मी रस्त्याचें भांडवल तीच आहे. जी वस्तु प्रतिस्पर्ध्यापाशीं नाहीं ती जपावी, हें व्यापाराचें पहिलें सूत्र व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावें असें नाहीं. गिऱ्हाईक आलें म्हणजे उठून उभें राहणें हा आदर. गिऱ्हाईक नसतांनाहि उभें ठेवणें ही शिक्षा. दोहोंतील फरक जुन्या गादीवरच्या शेटजींस उत्तम कळत असे, कारण ते स्वतः बसत आणि गुमास्त्यासहि बसवीत.

दिवेलागणीस बेलबाग चौकांत पोंचलों. नाना फडणविसांनीं बांधलेलें देऊळ एका अंगास. दक्षिणेकडे मंडई. मंडईची इमारत १८८६ सालीं उघडली तेव्हां तिचें नांव रे मार्केट. जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते व या टोलेजंग इमारतीवरील खर्चास त्यांनीं विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, असें त्यांचें म्हणणें. पुढें १९३८ मध्यें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव दिलें गेलें. विरोधकाच्या नांवानें इमारत ओळखली जाणें हा इतिहासाचा विनोद खरा. पण त्यांत एक कानउघाडणीहि आहे. इमारत उभारतांना तिच्यांत कोण उभें राहील व कोण बसेल, हें आधीं विचारा, असें तें नांव रोज सांगत असतें.

उत्तरेकडे पांच मिनिटांवर भिडेवाडा होता. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मुलींची शाळा काढली ती त्या वाड्यांत. पुढें तेथें दुकानें झालीं. स्मारकासाठीं जागा संपादन करण्याचा वाद वर्षानुवर्षें चालला; भाडेकरूंचे हक्क हे हक्कच होते व ते त्यांनीं न्यायालयांत मांडले, याबद्दल त्यांस दोष देतां येणार नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें उच्च न्यायालयानें व नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें महानगरपालिकेच्या बाजूनें निकाल दिला आणि डिसेंबर २०२३ मध्यें मोडकळीस आलेला वाडा पाडण्यांत आला. स्मारक व्हावें, भव्य व्हावें, अशी आमचीहि इच्छा आहे. परंतु सावित्रीबाईंचें स्मारक दगडाचें होईल तेव्हां होवो. स्टुलाचें स्मारक उद्यां सकाळीं होऊं शकतें. ज्या मुली त्या शाळेमुळें लिहूंवाचूं लागल्या, त्यांच्या पणत्यांस व खापरपणत्यांस या रस्त्यावर घडीभर बसतां यावें, याहून मोठा पुतळा कोणता?

आतां निकालपत्र. महानगरपालिकेनें टिळक चौक ते बेलबाग या अंतरांत स्त्रियांसाठीं निदान दोन स्वच्छ, पाण्याची सोय असलेलीं व दुकानें बंद होईतों उघडीं राहणारीं शौचालयें बांधावीं, आणि पदपथ मोकळा करून दर चौकाजवळ बसण्याचीं बांकें ठेवावीं. पथविक्रेत्यांच्या प्रमाणपत्रांचें काम पुरें करावें. पादचारी दिन वर्षांतून एकदांच न ठेवितां आधीं महिन्यांतून एकदां व मग आठवड्यांतून एकदां करून पाहावा आणि धंद्यावर काय परिणाम होतो, तें व्यापाऱ्यांच्याच वह्यांवरून ठरवावें. आतां मंडईस भुयारी मेट्रोचें स्थानक आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं त्या मार्गाचें उद्घाटन झालें. तेव्हां वाहनावांचून गिऱ्हाईक येणारच नाहीं, ही जुनी हरकतहि आतां पूर्वीइतकी जोरदार राहिली नाहीं.

व्यापारी मंडळींस आमची विनंती याहून लहान आहे. दर फळीमागें एक स्टूल. त्यास नगरपालिकेची परवानगी लागत नाहीं, न्यायालयाचा हुकूम लागत नाहीं, आणि खर्च एका साध्या लुगड्याहून कमी. कायद्याचा बडगा येण्यापूर्वीं केलेली गोष्ट शोभते. आल्यावर केलेली गोष्ट दिसते.

आणि वाचकहो, सर्वांत मोठी सत्ता तुमच्या हातीं आहे. १९०५ सालीं पुण्याच्या गिऱ्हाइकानें दुकानांत एक प्रश्न विचारावयास आरंभ केला आणि परक्या गिरण्यांना घाम फुटला. आजचा प्रश्न तितकाच सोपा आहे. पुढच्या बस्त्यास जाल तेव्हां भाव विचारण्यापूर्वीं फळीपलीकडच्या मुलीस विचारा, “बाई, तुला बसायला जागा आहे ना?” ती कदाचित् हंसून “संवय आहे” म्हणेल. मग तेंच मालकास, क्यामेऱ्यास ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें विचारा.

आमच्या मावशींनीं लग्नाच्या आदल्या दिवशीं आम्हांस बोलावून घेतलें व म्हणाल्या, “त्या दुकानांत पुन्हां जाशील तेव्हां त्या पोरीला माझा निरोप सांग. म्हणावं, खोक्यावर चादर घालून बसवलंस, तें आजी विसरली नाहीं.” निरोप पोंचविण्यास आम्ही जाणार आहों. त्या वेळीं ती मुलगी बसलेली दिसावी, एवढीच आमची इच्छा आहे.